साधेपणाचं बिल कोण भरतं?

हल्ली कुठल्याही स्टार्टअपचं प्रेझेंटेशन उघडून बघा, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर 'सिंपल' हा शब्द सापडतोच. सिंपल ॲप, सिंपल स्क्रीन, तीन क्लिकमध्ये काम फत्ते! ऐकायला बरं वाटतं. पण माझं आपलं स्पष्ट मत असं आहे, की "किती क्लिक?" हा प्रश्नच चुकीचा आहे. कामातली किचकट बाजू शेवटी कुणाच्या गळ्यात पडली, हे विचारायला हवं.

लॅरी टेसलर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले (२०२० साली वारले). आपण दिवसातून शंभर वेळा जे कट-कॉपी-पेस्ट करतो, त्यामागे हेच. आधी झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते, मग ॲपलमध्ये गेले. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक कामात थोडी गुंतागुंत मुळातच असते. ती नाहीशी करता येत नाही, फक्त इकडून तिकडे सरकवता येते. एक तर प्रोग्रामरने डोकं खपवायचं, नाहीतर वापरणाऱ्याने.

आता हे पुस्तकात वाचून पटत नसेल, तर लातूर-नांदेडकडे एक चक्कर मारा.

लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितली असेल. निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिची आखणी केली आणि १९१७ साली मधली दुमजली इमारत उभी राहिली. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्या गोलाला येऊन मिळणारे १६ रस्ते. कुठे सराफ, कुठे चप्पल-बूट, कुठे मिरची, कुठे गूळ. आजच्या डिझायनरला मेन्यूत १६ पर्याय दाखवले तर तो म्हणेल, "बाप रे, पाच करा!" पण खेड्यातून पहिल्यांदा बाजाराला आलेला माणूससुद्धा इथे फारसा गोंधळत नाही. रस्ता चुकला तर गोलाईत परत यायचं आणि पुढचा रस्ता धरायचा. आणि मिरची घ्यायला निघालेल्याला मध्येच अडवून कुणी सोन्याची ऑफर दाखवत नाही! सांगायचा मुद्दा हा, की गोष्टी कमी असणं वेगळं आणि सोपं असणं वेगळं. सोपं असण्यासाठी आधी कुणीतरी बसून नीट आखणी करावी लागते.

याच बाजारातल्या दुकानांत आता क्यूआर कोड आणि शेजारी बोलणारा डबा दिसतो. यूपीआय २०१६ साली आलं. पैसे देणाऱ्याचं काम सोपं झालं, पण घेणाऱ्याचं? गर्दीच्या वेळी हात पिठाने भरलेले, समोर चार गिऱ्हाईकं, आणि पैसे आले का हे बघायला मोबाईल काढा, मेसेज शोधा. वर खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाणारे महाभाग आहेतच. साउंडबॉक्सने हा सगळा ताप उचलून स्वतःच्या पोटात घेतला. आत सिमकार्ड, बॅटरी, नेटवर्क, वेगवेगळ्या भाषा अशी भरपूर भानगड आहे, पण दुकानदाराला फक्त "इतके रुपये मिळाले" एवढं ऐकू येतं. त्याला बटणच दाबावं लागत नाही. त्यासाठी महिन्याला भाडं द्यावं लागलं तरी अनेक जण देतात, कारण डोक्याचा ताप खरोखर कमी झालाय.

आता उलटी बाजू बघू.

लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. शेतकऱ्याला हवं असतं ते एवढंच: आज सौद्यात काय भाव निघाला? त्याच्यासाठी बनवलेली ॲप्स उघडा. हवामान, खतं-बियाणांचं दुकान, व्हिडिओ, चर्चामंच, आणि कुठेतरी चौथ्या टॅबमध्ये भाव. तोपर्यंत आडत्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर भाव टाकलेला असतो. या स्टार्टअपवाल्यांचा खरा स्पर्धक दुसरं स्टार्टअप नसून तो ग्रुप आहे, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

"मग एकच मोठा आकडा दाखवू, झालं सिंपल!" असं कुणी म्हणेल. तर तेही नाही. सोयाबीनचा भाव ओलाव्यावर आणि काडीकचऱ्यावर ठरतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, पण सरकारी खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल करायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. आता स्क्रीनवर नुसता ४,८९२ आकडा बघून कुणी टेम्पो ठरवला, भाडं-हमाली भरली आणि केंद्रावर "माल ओला आहे, परत न्या" असं ऐकलं, तर तो स्क्रीन सिंपल होता की अपुरा? आकड्याखाली "ओलावा अमुक टक्क्यांपर्यंत" अशी एक ओळ हवीच. ती काढली तर डिझाइन सुटसुटीत दिसेल, पण एका फेरीचं भाडं शेतकऱ्याच्या खिशातून जाईल.

दुसरं उदाहरण ई-पीक पाहणीचं. हे स्टार्टअप नाही, सरकारी ॲप आहे, पण धडा आपल्यासाठीच आहे. पूर्वी शेतात काय पेरलंय याची नोंद तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची ठरली. कल्पना उत्तम: आपल्या पिकाची नोंद आपल्याच हातात. पण म्हणजे खाते नंबर, गट नंबर, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि शेतात उभं राहून लोकेशनसकट फोटो, हे सगळं आता त्याच्याकडे आलं. तलाठ्याच्या डोक्यातलं ज्ञान स्क्रीनवर आलं खरं, पण ते वापरणाऱ्याच्या डोक्यात कसं जाणार? मग गावातला एखादा कॉलेजचा पोरगा सगळ्या भावकीच्या नोंदी करून देतो. बरं, ॲप बनवणाऱ्यांनीही हे ओळखलंय. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात, २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये ४८ तासांत चूक दुरुस्त करायची सोय आली आणि पुढे राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायक नेमले गेले. म्हणजे सरकवलेलं ओझं थोडं थोडं परत उचलावं लागलं.

हेच चित्र तहसील कचेरीबाहेर दिसतं. मल्टीसर्व्हिसेस आणि झेरॉक्सची दुकानं लायनीने उभी. आत टेबलावर तिशीतला एक जण लोकांचे फॉर्म भरतोय, ओटीपी विचारतोय, फोटोची साइज कमी करतोय. मराठवाड्यातल्या कितीतरी ऑनलाइन सेवांचा खरा यूजर इंटरफेस हा माणूस आहे. टेसलरसाहेब झेरॉक्समध्ये होते, त्यामुळे त्यांच्या नियमाचा पुरावा झेरॉक्सच्या दुकानात सापडावा हे ठीकच म्हणायचं. गमतीचा भाग सोडा. पण त्या टेबलावर फॉर्ममागे जे पैसे मोजले जातात, तो तुमच्या-आमच्या 'सिंपल' फॉर्मचा खर्च आहे. आपल्या डॅशबोर्डवर तो कधीच दिसत नाही. तिथे फक्त 'यशस्वी नोंदणी' वाढलेली दिसते.

आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. किचकट भाग ना स्वतः उचलायचा, ना उघडपणे दुसऱ्याला द्यायचा, सरळ लपवायचा. झटपट कर्ज देणारी ॲप्स आठवा. वापरायला त्याहून सोपं काही सापडणार नाही. दोन मिनिटांत पैसे खात्यात. मात्र व्याज, दंड, कापून घेतलेली फी आणि फोनमधल्या सगळ्या नंबरांवर हक्क, हे कुठेतरी अटींच्या पानात. वसुलीचे फोन नातेवाइकांना जायला लागल्यावर माणसाला कळतं, की आपण कशाला 'ओके' म्हटलं होतं. शेवटी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम काढले: कर्जाचा वार्षिक खर्च एका पानावर आधी सांगा, आणि फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावू नका. म्हणजे नियमाने एक पान वाढलं, आणि ते वाढायलाच हवं होतं. जिथे माणसाने थांबून विचार करायला हवा, तिथे त्याला घसरगुंडीवर बसवणं याला मी साधेपणा म्हणणार नाही.

मग चांगला साधेपणा कसा असतो? नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात जा. लंगरमध्ये पंगतीत बसायचं आणि जेवायचं. नाव, गाव, मोबाईल नंबर कुणी विचारत नाही. मागे मात्र पीठ, डाळ, जळण, भांडी आणि सेवा करणाऱ्यांच्या पाळ्या यांचा अखंड कारखाना चालू असतो. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला लाखो लोक आले, तेव्हाही जेवणाऱ्याने शिकण्यासारखं काही नव्हतं. जे काही वाढलं ते आतल्यांचं काम.

यावर माझे इंजिनियर मित्र म्हणतात, "अरे, आम्ही पाच जण आहोत, फंडिंग संपत आलंय. सगळं आम्ही कुठून उचलणार?" रास्त आहे. सगळं उचलूच नका. भाव सांगायचाय ना, मग एकाच पिकाचा, एकाच बाजाराचा सांगा, पण ओलाव्याच्या अटीसकट सांगा. दुकान, हवामान, चर्चामंच राहू द्या. झेपत नसेल तर काम कमी घ्या. घेतलेल्या कामातलं अवघड टोक मात्र गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून पळू नका.

आणि पुढच्या वेळी प्रॉडक्ट तपासायला लॅबमध्ये यूजर बोलावण्याआधी एक दिवस अशा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात बसा. तुमचा फॉर्म भरून घ्यायला कोण येतं, किती वेळ लागतो, किती रुपये मोजतं, हे नुसतं लिहून काढा. तुमच्या साधेपणाचं खरं बिल तिथे फाटतं.