हँडल कुणाच्या मापाचं?

स्वयंपाकघराचा ओटा किती उंच असावा, हे आपल्याकडे बहुतेक घरांत गवंडी ठरवतो. शिलाई मशीनची खुर्ची घरात जी असेल ती. कंबर दुखली की उत्तर ठरलेलं, "घ्या जरा जुळवून!" मैत्रिणींनो, आता हेच वाक्य मोटरसायकलच्या हँडलपर्यंत येऊन पोचलंय.

तुम्ही म्हणाल, मोटरसायकलचं हँडल हा काय बायकांच्या पुरवणीतला विषय झाला? का नाही? उर्वशी पाटोळे यांनी २०११ साली पुण्यातून 'बायकर्नी' हा मोटरसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचा गट सुरू केला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आपल्या तालुक्याच्या गावांतही नर्सताई, शिक्षिका, बचतगटाच्या बाया गिअरची गाडी चालवताना दिसतात. त्यातल्या काहींना लांबच्या प्रवासाची गोडी लागते.

आमच्या गटातल्या एक ताई अशाच. मिस्टरांची मोठी गाडी त्या झकास चालवतात. पण तासाभरात हातांना मुंग्या, मान आखडलेली, खांदे भरून आलेले. घरचे म्हणाले, "तरी सांगत होतो, बायकांचं काम नाही ते." ताईंनी कोकणात जायचा बेत जवळजवळ सोडलाच होता. दोष मात्र हँडलचा होता. मिस्टर चांगले उंच, आणि हँडल त्यांच्या लांब हातांना जुळलेलं. ताई पुढे ओणवून, हात ताणून ते धरायच्या. शरीराचा भार मनगटांवर आला की बोटं बधिर होणारच! यात बाई-पुरुष काय करायचं? बुटक्या पुरुषालाही तेच होईल.

मग यावर उपाय म्हणजे उंच हँडल, असं गॅरेजवाला लगेच सांगतो. पण थांबा. आधी माप बघा. गाडी मेन स्टँडवर घ्या, किंवा कुणाला तरी सरळ धरायला सांगा. नेहमीसारखं ताठ बसा, डोळे मिटा, खांदे सैल सोडा आणि हात सहज पुढे करा. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ. आता डोळे उघडा. हात जिथे आलेत, तिथे हँडल हवं. बहुतेक बायकांना त्या वेळी कळतं, की हँडल उंच असण्यापेक्षा जवळ असण्याची गरज जास्त आहे.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा. हँडल जिथे आवळलेलं असतं, ते क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं मागे फिरवता येतं. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोनही बदलता येतो. तेवढ्याने भागलं तर उत्तमच. नाही भागलं, तर रायझर, म्हणजे हँडलखाली बसणारे ठोकळे. गाडीचा पुढचा भाग तिरका असतो, त्यामुळे त्या तिरक्या रेषेत हँडल वर आलं की ते आपल्याकडेही थोडं सरकतं. त्यानेही जमलं नाही तर नवं हँडल. ते घेताना चार गोष्टी विचारा. उंची किती, रुंदी किती, मागे किती वळलेलं आहे आणि क्लॅम्पच्या जागी नळीची जाडी किती. जाडी जुळली नाही तर ते हँडल आपल्या गाडीला चालणारच नाही. दुकानदाराने "सगळ्यांना बसतं" म्हटलं, तरी माप घेऊनच पैसे द्या.

आणि उंच म्हणजे चांगलं, हेही खरं नाही बरं का! हँडल फार उंच झालं की हात वर टांगल्यासारखे राहतात, सगळा भार माकडहाडावर येतो आणि वारा थेट छातीवर आदळतो. सिनेमातल्या हिरोसारखं खांद्याच्या वर गेलेलं हँडल फोटोला छान, लांबच्या रस्त्याला नाही.

बसवून घेताना समोर उभ्या राहा. हँडल वर गेलं की क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, ब्रेकचा पाइप आणि दिव्या-हॉर्नच्या वायरी ताणल्या जातात. थोड्याशा उंचीला बहुधा जुन्या केबल पुरतात, जास्त उंचीला लांब केबल घ्याव्याच लागतात. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला सांगा. इंजिनचा आवाज वाढला, तर केबल ताणली जातेय असं समजा. हात टाकीला अडकत नाही ना, तेही बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. अशा गाडीच्या ब्रेकच्या पाइपला हात लावायचा तर जाणकार मेकॅनिकच हवा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि तेवढ्याच जोराने आवळले पाहिजेत. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात मारा, आणि थोडे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं. म्हणून शक्यतो आपल्या गाडीसाठी कंपनीनेच दिलेला पर्याय निवडा, आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा. अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा हे सोपं.

कुणी म्हणेल, वर्षातून चार दिवसांच्या हौसेसाठी एवढा खटाटोप? पण चष्मा आपल्या नंबरचा लागतो, चप्पल आपल्या पायाची लागते, ब्लाऊज तर टाके उसवून पुन्हा शिवून घेतो आपण. मग ताशी साठच्या वेगाने धावणाऱ्या वस्तूशीच जुळवून का घ्यायचं? बधिर झालेल्या बोटांनी वेळेवर ब्रेक दाबला गेला नाही, तर ते हौसेवर नाही, जिवावर बेततं. (माप जमवूनही मुंग्या थांबल्या नाहीत, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते दुखणं मानेचं किंवा मनगटाच्या नसेचंही असू शकतं.)

आमच्या ताईंचं हँडल नुसतं मागे फिरवून आणि छोटे रायझर लावून जमलं. मिस्टरांना आता जरा आखडून बसावं लागतं, अशी त्यांची तक्रार आहे. ताई म्हणाल्या, "आठवडाभर तुम्ही घ्या जुळवून!" गाडी दोघांची असेल तर दोघांनी बसून मधलं माप काढावं, हे मला पटतं. पण ते काढताना बाईचा हातही मोजला गेला पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी "तुला झेपत नाही" असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. टेप घ्या आणि हँडल मोजा.