फोटोतली ती कुणाकडे पाहते?

भगिनींनो, हे पान वाचून झालं की भिंतीवरचा लग्नाचा फोटो खाली काढा. काचेवरची धूळ पदरानं पुसा आणि नीट पाहा. कोण बसलं आहे, कोण उभं आहे, आणि बाईची नजर कुठं आहे?

जुना फोटो असेल तर बहुधा आजोबा खुर्चीवर बसलेले दिसतील. आजी शेजारी उभी. डोक्यावर पदर, एक हात खुर्चीच्या पाठीवर. हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. याचं थोडं कारण यंत्रात होतं. फोटोची कला जगापुढं आली १८३९ मध्ये, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफीची संस्थाही निघाली. त्या काळी चित्र उमटायला कित्येक सेकंद लागत. माणूस हलला की चेहरा पुसट. म्हणून बसायला खुर्ची, टेकायला आधार. पुढं यंत्र सुधारलं, पण रीत राहिली. आणि खुर्ची लागते एवढंच यंत्रानं सांगितलं होतं. ती कुणाला द्यायची, हे माणसांनीच ठरवलं.

आता नातीचे फोटो पाहा. हल्ली लग्नाआधीच मुलगा-मुलगी फोटो काढायला चिखलदऱ्याला जातात. ‘प्री-वेडिंग’ म्हणतात त्याला. देवी पॉईंट, भीमकुंड, गाविलगडचा तट. मुलीच्या अंगात भाड्यानं आणलेला लांब झगा. फोटोग्राफर सांगतो, “दादा, तुम्ही दरीकडं पाहा. ताई, तुम्ही दादांकडं पाहा. जरा लाजा!” तो जग पाहतो, ती त्याला पाहते. खुर्ची गेली, पदर गेला. पण मान कुठं वळवायची हे तिला अजूनही दुसराच सांगतो.

प्रेम दिसू नये असं मी म्हणत नाही. आमच्या वेळी चारचौघांत नवऱ्याशेजारी बसायचीही चोरी होती. ते दिवस गेले, बरं झालं. पण त्या प्रेमात तिचं मन किती, हेही पाहायला नको का?

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं लग्न ठरलं. सोयाबीनच्या पैशातून बापानं फोटोंचा अर्धा खर्च उचलला. पुढं सोयरीक मोडली. फोटो मात्र मुलाकडच्यांच्या मोबाईलवर राहिले. नवं स्थळ यायचं, त्याआधी ते फोटो तिथं पोचायचे. मुलालाही कुणी नावं ठेवली नाहीत; बोल लागला तो पोरीला. मी तिला विचारलं, “काढताना तुले बरं वाटलं होतं का व?” ती म्हणाली, “काकू, मले कोनं इचारलंच नाही. उभी राहा म्हनलं, उभी राह्यली.”

मला एक फोटो आठवतो. १० ऑक्टोबर १८८५ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघी: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानची ओकामी आणि सीरियाची इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाई गोपाळरावांच्या पत्नी होत्या, त्यांच्याच आग्रहानं शिकल्या. पण त्या फोटोत त्या कुणाच्या खांद्यावर मान टाकून नाहीत. त्या स्वतः आहेत. त्यानं नवऱ्याचा मान काही कमी झाला नाही.

म्हणून मुलीचं लग्न ठरलं की तीन गोष्टी करा. फोटो काढायचे की नाही, कुठं, कोणत्या कपड्यांत, हे आधी तिला विचारा. ते कुणाकडं राहतील आणि सोयरीक मोडली तर पुसायचे, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर बोलून घ्या. आणि कर्ज काढून फोटो काढू नका. जावई-लेक धुऱ्यावर बसून एका शिदोरीतली भाकर खातात, तोही प्रेमाचाच फोटो आहे. कमरेला फडकं बांधून कापूस वेचणारी लेक त्यात ओळखू तरी येते.

आणि हो, तो भिंतीवरचा फोटो परत टांगण्याआधी सासूबाईंपुढं धरा. “आत्याबाई, हा काढला तेव्हा तुमच्या मनात काय होतं?” असं विचारा. इतक्या वर्षांत त्यांना हे बहुधा कुणी विचारलंच नसेल.