नाकारण्याचा अधिकार कोणाचा?

ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेल्या ‘तेजस मार्क-१ए’ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले आणि तेजसची तिसरी उत्पादन साखळी तेथे सुरू झाली. ज्या मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर, त्याच महामार्गावर पुढे धुळे. धुळ्याच्या अवधान आणि जळगावच्या एमआयडीसीतल्या लेथ-मिलिंगवाल्यांनी विमानाच्या सुट्या भागांची कामे मागितली, तर त्यात वावगे काही नाही. भूखंड, वीज, अनुदान या मागण्याही होतीलच. आमचा प्रश्न वेगळा आहे. तयार माल नाकारण्याचा अधिकार या कारखान्यांत कोणाला आहे?

५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स-९ विमानाचे, दाराच्या जागी बसवलेले झाकण सुमारे १५ हजार फुटांवर उडाले. आतली १७७ माणसे वाचली, हे नशीब. झाकण धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. बोइंगच्या रेंटन येथील कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करायला झाकण उघडले गेले होते. पण उघडल्याची नोंदच झाली नाही. नोंद नाही, म्हणून पुन्हा बसवल्यावर तपासणीही नाही. बोल्टच्या धातूत खोट नव्हती. निरीक्षकाला बोलावणारा कागदच निघाला नव्हता.

आपल्या शेडमध्ये हे फार परके वाटू नये. महिनाअखेर आहे, टेम्पो दारात उभा आहे आणि क्यूसीचा (गुणवत्ता तपासणीचा) पोरगा सांगतो, भोक दोन शतांश मिलिमीटरने मोठे आहे. ‘चालून जाईल, कर पास’ असे त्याला कोण सांगतो? बहुधा ज्याच्या डोक्यावर डिस्पॅचचा भार, तोच सुपरवायझर. ठिबकच्या जोडणीत ते खपतही असेल. विमानाच्या कामात पहिल्या नगाचे प्रत्येक माप कागदावर उतरते. धातू कोणत्या हीटमधला (वितळणीच्या घाण्यातला), तपासले कोणी, हे वर्षांनंतरही सांगता यावे लागते.

खान्देशाला ही शिस्त अगदीच अनोळखी नाही. वरणगाव, भुसावळच्या आयुध निर्माणी इथल्याच. आणि संरक्षण मालाची तपासणी कारखान्याबाहेरच्या डीजीक्यूएकडे (गुणवत्ता हमी महासंचालनालयाकडे) असण्याची रीत जुनी आहे. एमआयडीसीने धुळे-जळगावसाठी सामायिक मापन प्रयोगशाळा जरूर उभारावी. त्यासाठी लागणारे सीएमएम हे त्रिमितीय मापन यंत्र एकट्या लहान कारखानदाराला झेपत नाही. पण क्यूसीवाल्याचा पगार आणि बढती उत्पादनप्रमुखाच्या हातून काढायला, डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्यायला कोणत्या अनुदानाची वाट पाहायची? विमानाचे काम देण्याआधी पाहणीला येणारे अधिकारी मशीनइतकेच रिजेक्शनचे रजिस्टरही बघतील. रजिस्टर कोरे पाहून ते खूश होतील, अशा भ्रमात कोणी राहू नये.