आवळा त्यांचा, कोहळा आपला

दसरा-दिवाळीचे दिवस आले की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीला जागा उरत नाही. ‘एकावर एक मोफत’, ‘चाळीस टक्के सूट’, ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ अशा घोषणांनी ते पान भरून जाते आणि हातातला फोन तोच घोष दिवसभर चालू ठेवतो. या गदारोळात पगाराची ठरावीक रक्कम आणि महिन्याच्या किराण्याची यादी घेऊन सामान्य कुटुंब उभे असते. त्याच्यापुढचा प्रश्न साधा आहे: ही कूपने, हे रिबेट, हे कॅशबॅक खरोखर चार पैसे वाचवतात, की गाठीला असलेले चार पैसेही घेऊन जातात?

पक्षाच्या साप्ताहिकाने असल्या विषयावर अग्रलेख लिहावा काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. जमीन, रोजगार, शिक्षण हे प्रश्न सोडून साबणाच्या वडीवरील सवलतीची चर्चा करणे त्यांना पोरकट वाटेल. त्यांना आम्ही १९७२ सालाची आठवण करून देऊ इच्छितो. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतील स्त्रिया महागाईविरुद्ध एका समितीत एकत्र आल्या आणि गृहिणी लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. सभा-मोर्चांना कधी न गेलेल्या बायका त्या मोर्चांत आल्या, कारण बोलणे त्यांच्या स्वयंपाकघराचे होते. घरखर्चाचा हिशेब हा राजकारणाचा विषय आहे हे त्यांनी दाखवून दिले. आज तोच हिशेब कूपनांच्या चिठोऱ्यांत आणि फोनवरील सांकेतिक अक्षरांत गुंतला आहे. तो सोडवून दाखवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांची फोड करू. खरेदीच्या वेळीच किंमत कमी करणारी चिठ्ठी अथवा संकेताक्षरे म्हणजे कूपन. आधी पूर्ण किंमत घेऊन तिचा काही भाग नंतर परत करणे म्हणजे रिबेट, आणि त्याचेच नवे नाव कॅशबॅक. कूपनाचा इतिहास जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाच्या मालकांनी एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, त्या लोकांना चटक लागावी म्हणून. रिबेट हा शब्द मात्र आपल्या घरांत वेगळ्या वाटेने आला. गांधी जयंतीच्या सुमारास खादी भांडारात मिळणारा रिबेट जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यामागे सरकारी तिजोरीतील पैसा होता आणि सूत कातणाऱ्या हातांना काम मिळावे हा हेतू होता. आजच्या रिबेटमागे कोणाचा पैसा आणि कोणता हेतू आहे, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

तो पैसा बहुतेक वेळा वस्तूच्या छापील किमतीत आधीच धरलेला असतो. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सरकार ठरवून देते असा एक समज सर्वत्र आढळतो. काही औषधांसारखे अपवाद सोडले तर ही किंमत उत्पादक स्वतः ठरवतो. कायद्याचे बंधन इतकेच, की दुकानदाराने तिच्यापेक्षा जास्त घेऊ नये. म्हणजे ज्या आकड्यावरून ‘चाळीस टक्के सूट’ मोजली जाते, तो आकडा सूट देणाऱ्यानेच लिहिलेला असतो. शंभराची वस्तू एकशे साठ लिहून शंभराला विकली, तर गिऱ्हाईक साठ रुपये वाचल्याच्या आनंदात घरी जाते. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपल्या पूर्वजांनी बाजार पाहूनच केली असावी.

याचा अर्थ सर्व सवलती फसव्या असतात आणि स्वाभिमानी माणसाने त्यांच्याकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. महिन्याच्या किराण्यात दोनशे-तीनशे रुपये वाचले, तर कष्टकरी कुटुंबाला ते मुलाच्या वह्यांना पुरतात. तेव्हा सवलत जरूर घ्यावी, पण आपल्या अटींवर घ्यावी. सुरुवात करणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती ही, की महिन्याची यादी आधी लिहावी आणि कूपन मागाहून पाहावे. यादीतील वस्तूवर कूपन मिळाले तर ती बचत. कूपन पाहून वस्तू यादीत आली तर तो खर्च.

एक उदाहरण घेऊ. ‘१५०० रुपयांच्या खरेदीवर १५० रुपये सूट’ असे कूपन आहे आणि आपली यादी १२०० रुपयांची आहे. सूट मिळवण्यासाठी ३०० रुपयांच्या वस्तू वाढवल्या, तर हातून १३५० रुपये जातात. त्या वस्तू पुढच्या महिन्यात लागणारच असतील आणि तोवर टिकणार असतील, तर १५० रुपये खरोखर वाचले. त्या लागणार नसतील, तर १५० रुपये वाचवण्याच्या नादात १५० रुपये जास्त गेले. कूपनावरील किमान खरेदीची अट बहुधा याच हिशेबाने घातलेली असते.

दुसरी सवय टक्केवारी स्वतः मोजण्याची. ‘२० टक्के आणि त्यावर आणखी १० टक्के’ म्हणजे ३० टक्के नव्हेत. शंभराचे आधी ऐंशी होतात, ऐंशीचे बहात्तर; सूट २८ टक्केच. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे तिन्ही वस्तू घेतल्या तरच ३३ टक्के. एकच हवी असेल तर शून्य. ५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये कॅशबॅक मिळाला, पण तो त्याच कंपनीच्या पाकिटात जमा होऊन पुढच्या ५०० रुपयांच्या खरेदीतच वापरता येत असेल, आणि योजना एकदाचीच असेल, तर हजाराच्या मालाला आपण ९५० मोजले. म्हणजे जाहिरातीतील १० टक्क्यांचे प्रत्यक्षात ५ झाले. शिवाय बिलावरच दाखवलेली दुकानदाराची सूट करपात्र किमतीतून वजा होते. मागाहून येणाऱ्या कॅशबॅकच्या बाबतीत पूर्ण रकमेवरील कर आपण आधीच भरलेला असतो. म्हणून दोन्ही रकमा सारख्या असतील, तर हाती येणारी सूट पत्करावी आणि पाकिटातील वायदा सोडावा.

तिसरी सवय वजनाची. चहा, बिस्किटे, साबण यांसारख्या अनेक वस्तू पूर्वी ठरावीक वजनाच्या पुड्यांतच विकाव्या लागत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम बदलून ते बंधन काढून टाकले आणि त्याऐवजी वेष्टनावर एककाचा दर, म्हणजे एका ग्रॅमला वा एका किलोला पडणारी किंमत, छापण्याची सक्ती केली. हा बारीक अक्षरांतील आकडा शोधून वाचणे ही आजची मोठी ग्राहकविद्या आहे. पुड्याची किंमत तीच ठेवून आतले वजन घटवले, तर तो बदल याच आकड्यात पकडला जातो. घरात एक वही ठेवावी. नेहमीच्या वीस वस्तूंचे किलोचे व लिटरचे दर दर महिन्याला तीत लिहावेत. तीन महिन्यांत कोणती सूट खरी आणि कोणती भाव चढवून दिलेली, ते ती वहीच सांगू लागेल.

कायदाही याबाबतीत मुका नाही. मक्तेदारीविषयक कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही कल्पना आली आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती कायम आहे. ज्या वस्तूची किंमत एकूण व्यवहाराच्या रकमेत पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे, ती ‘मोफत’ असल्याचा आभास निर्माण करणे ही या कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतील १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे या त्यांपैकी काही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. बिल जपून ठेवावे, फोनवरील जाहिरातीचे चित्र टिपून ठेवावे आणि तक्रार करावी. एकट्या गिऱ्हाइकाचा आवाज क्षीण असतो. म्हणून वस्तीतील कार्यकर्त्याने अशा तक्रारी लिहून देण्याचे काम अंगावर घेतले पाहिजे.

सवलतींच्या या बाजारात एक उघड अन्यायही दडलेला आहे. मोठी सूट मोठ्या पुड्यावर असते, चांगले कूपन क्रेडिट कार्डावर असते आणि योजनेची वार्ता फोनवर येते. रोजंदारीवर जगणारी बाई आज मिळालेल्या मजुरीतून आजचे तेल आणि आजचा साबण घेते. महिन्याचा साठा करायला तिच्याजवळ ना पैसा, ना जागा. म्हणजे ज्याला सवलतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत जास्त, आणि जिला निकड आहे तिच्या पदरी छापील किंमत. शिवाय कूपन घेणारा बदल्यात आपला दूरध्वनी क्रमांक आणि खरेदीचा सगळा तपशील देऊन बसतो, त्याची किंमत कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते. बिलासाठी गिऱ्हाइकाकडे क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये दुकानांना बजावले आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कोपऱ्यावरच्या वाण्याचाही विचार केला पाहिजे. त्याच्याकडे कूपन नसते, पण संप लांबला, आजारपण आले, पगार अडला, तर उधारीची वही तोच उघडतो. बड्या दुकानांच्या सवलतींमागे धावताना ही वही बंद पडली, तर अडचणीच्या महिन्यात दार कोणाचे ठोठावायचे? वाणी काही धर्मात्मा नव्हे; त्याचेही वजन-माप तपासावे. पण त्याच्याशी असलेल्या संबंधाला जे मोल आहे, ते हिशेबात धरल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

मग या साऱ्यातून मार्ग कोणता? तो १८४४ मध्येच दाखवला गेला आहे. इंग्लंडमधील रॉशडेल गावच्या विणकर व इतर कामगारांनी त्या वर्षाच्या डिसेंबरात एक लहानसे दुकान काढले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. ते बाजारभावाने विकत, भेसळ करीत नसत आणि उरलेला नफा ठरावीक मुदतीने सभासदांना ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत देत. तोही रिबेटच होता. मात्र दुकान सभासदांच्याच मालकीचे असल्यामुळे तो पैसा हक्काने परत येई. त्यासाठी भाव चढवण्याची वा कोणाला भुलवण्याची गरज नव्हती. महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत अपना बाजारची सुरुवात झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचा माल एकत्र घेण्याची आणि आपापसांत वाटून घेण्याची पद्धत रुजवली. ग्राहकांच्या अनेक सहकारी भांडारांना पुढे उतरती कळा लागली. कोठे व्यवस्थापन ढिले पडले, कोठे सभासदांनी सभेला जाणे सोडले आणि दुकान चार जणांच्या हाती गेले. त्या चुकांतून शिकले पाहिजे. पण चुकांच्या भयाने मूळ कल्पनाच टाकून देण्याचे कारण नाही.

आमची कार्यकर्त्यांना सूचना अशी. आपल्या चाळीतील, वाडीतील वा वसाहतीतील दहा कुटुंबांनी महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसावे. पुरुषांनीही बसावे, घरखर्चाची चिंता बायकांवर सोडून जगबुडीवर भाषणे करण्याची सवय आता पुरे झाली. दहा घरांच्या याद्या एकत्र कराव्यात. तेल, डाळी, तांदूळ, साबण असा सामाईक माल घाऊक बाजारातून एकदम आणावा आणि आणण्याचा खर्च वजा जाता जे वाचेल ते खरेदीच्या प्रमाणात वाटून घ्यावे. जिच्याकडे महिन्याची रक्कम एकदम नसेल, तिला आठवड्याच्या हप्त्याने घेता येईल अशी सोय इतरांनी करावी. उरलेल्या वस्तूंसाठी चांगले कूपन कोणाला आढळले, तर ते दहाही घरांना कळावे. हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी असावी आणि ती दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती जावी.

यातून वाचणारे पैसे फार मोठे असणार नाहीत. पण दिवाळीच्या जाहिराती जेव्हा पुन्हा दारात येऊन उभ्या राहतील, तेव्हा त्या दहा घरांत त्यांना सामोरी जायला एक यादी आणि एक वही असेल, आणि किती घ्यायचे हे जाहिरातदाराऐवजी त्या घरांतील माणसे ठरवतील. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ही पहिली बैठक व्हायला काहीच हरकत नाही.