फुकट वाचणाऱ्यांची लेखिका

शुक्रवारी रात्री ऑफिसमधून येऊन सोफ्यावर आडवं व्हायचं आणि ‘व्हेरा’ किंवा ‘शेटलंड’चा एखादा एपिसोड लावायचा, असा प्रोग्राम असलेली मंडळी आपल्यात भरपूर आहेत. चुरगळलेली हॅट घालून फिरणारी ती खमकी इन्स्पेक्टरबाई आठवते ना? तिची निर्माती अ‍ॅन क्लीव्हज्. दोन्ही सीरियल तिच्याच कादंबऱ्यांवरच्या. एक आयटीव्हीवर २०११ मध्ये सुरू झाली, दुसरी बीबीसीवर २०१३ मध्ये. आता हे वाचून तुम्ही म्हणाल, बाई जाम लकी! तर नाही हो. अ‍ॅनबाईंची पहिली कादंबरी आली १९८६ मध्ये, आणि पहिलं सणसणीत यश मिळालं २००६ मध्ये, ‘रेव्हन ब्लॅक’ला डॅगर हा क्राइम लेखनातला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा. मधली २० वर्षं काय?

मधली २० वर्षं वाचनालयं!

म्हणजे असं, की बाईंची पुस्तकं दुकानात फारशी दिसायचीच नाहीत. घ्यायची ती मुख्यतः सार्वजनिक वाचनालयं. एखादी ग्रंथपाल काउंटरवरून सांगायची, ‘हे घेऊन बघा, आवडेल तुम्हाला’, आणि पुस्तक आणखी एका घरी जायचं. आपण वाचनालयांमुळेच टिकलो, हे बाई आजही जिथे जातील तिथे सांगतात. आणि जातात कुठे? पुन्हा वाचनालयांतच.

हा फंडा त्यांनी नाव झाल्यावर सुरू केलेला नाही. २००० मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या सात क्राइम लेखकांनी मिळून ‘मर्डर स्क्वॉड’ नावाचा ग्रुप काढला. प्रकाशक आपल्या पब्लिसिटीवर पैसा घालत नाही ना, मग आपणच निघू! मार्गारेट मर्फी यांची आयडिया, आणि अ‍ॅनबाई पहिल्यापासून त्यात. वाचनालयांत जायचं आणि जमलेल्या लोकांशी खुनाखुनीच्या गप्पा मारायच्या. त्याआधी ब्रिटनमध्ये ‘नॅशनल इयर ऑफ रीडिंग’ साजरं झालं, तेव्हा तीन ठिकाणच्या ग्रंथालय विभागांनी बाईंना ‘रीडर-इन-रेसिडन्स’ म्हणून नेमलं होतं. नीट वाचा, रायटर नाही, रीडर. पुस्तकांबद्दल वाचकांशी बोलायचे पैसे मिळतात, हा त्यांच्यासाठी साक्षात्कारच होता. पुढे त्यांनी तुरुंगांतही वाचनगट सुरू केले.

आता आपल्या डोक्यात लगेच कॅल्क्युलेटर सुरू होतो. वाचनालयातला वाचक पुस्तक विकत घेतच नाही. मग त्याला भेटून लेखकाला मिळणार काय? या प्रश्नावर ब्रिटनमध्ये सॉलिड भांडणं झाली आहेत. जॉन ब्रॉफी नावाच्या कादंबरीकाराने १९५१ मध्ये सुचवलं, की वाचनालयातून पुस्तक नेताना दर वेळी लेखकासाठी एक पेनी काढा. झालं, वादाला तोंड फुटलं. ब्रॉफींची लेक ब्रिजिड, तीही कादंबरीकार. तिने आणि मॉरीन डफी यांनी १९७२ पासून हा लढा नेटाने चालवला. कायदा झाला १९७९ मध्ये आणि पहिले चेक निघाले १९८४ मध्ये. पैसे वाचक देत नाही, सरकार देतं. दर वेळचे मोजके पेन्स, आणि एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. बेस्टसेलरवाल्याला ही रक्कम किरकोळ. पण जो विकला जात नाही आणि तरी वाचला जातो, त्याच्यासाठी हे घरभाडं असू शकतं. भारतात असा कायदा नाही.

पण मला पैशांपेक्षा ती भेटच जास्त इंटरेस्टिंग वाटते. लिट-फेस्टला आपण लेखकाला ‘बघायला’ जातो. रांग, सही, सेल्फी, बाय. वाचनालयात तसं होत नाही. तिथल्या वाचकाच्या हातातली प्रत त्याची नसतेच, तिच्यावर वाचनालयाचा शिक्का असतो. सही कशावर घेणार? मग उरतं फक्त बोलणं. आणि हा माणूस पुस्तक वाचून आलेला असतो, बहुतेक वेळा आधीची चारही वाचून. तो थेट विचारणार, ‘त्याला मारायची काय गरज होती हो?’

आपल्याकडे असा वाचक नाही असं कोण म्हणतं? वाचनालयाचं कुठलंही जुनं रहस्यकथेचं पुस्तक उघडा. समासात पेन्सिलीने ‘भंपक!’, शेवटच्या पानावर ‘अवश्य वाचा’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मुळीच वाचू नका’, आणि एखादा महाभाग तर पान बारावरच खुनी कोण ते लिहून मोकळा झालेला. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा, सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या... महाराष्ट्राने हे सगळं विकत किती घेतलं आणि वाचनालयातून किती नेलं, ते तुमच्या आई-बाबांना विचारा.

१९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत. लेखक तिथे येतोही, नाही असं नाही. पण कसा येतो? प्रमुख पाहुणा म्हणून! दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, प्रास्ताविक, मग परिचय (लेखकाला स्वतःला माहीत नसलेल्या पुरस्कारांसह), मग अध्यक्षांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. वाचकांच्या वाट्याला येतात शेवटची पाच मिनिटं, तीही ‘वेळेअभावी’ कापायला सोपी. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे. ऐकण्यात आपण पहिल्यापासून पटाईत. पण लेखकासमोर खुर्ची ओढून ‘तुमचा शेवट मला पटला नाही’ म्हणायची सवय कुठे आहे?

इंग्लंडमध्येही सगळं गोडगोड नाही, बरं का. २०१० नंतरच्या दशकात ब्रिटनमधली जवळपास ८०० सार्वजनिक वाचनालयं बंद झाली. पालिकांकडे पैसे नाहीत, आणि कात्री पहिली लागते ती इथेच. अ‍ॅनबाई त्यावर जाहीरपणे बोलतात. आणि समजा तेव्हा वाचनालयं नसती, तर? व्हेराची पहिली कादंबरी ‘द क्रो ट्रॅप’ १९९९ ची. ती टीव्हीवाल्यांच्या हाती लागली एका चॅरिटी शॉपमध्ये, सेकंडहँड पुस्तकांत. इतक्या नशिबावर चाललेला मामला! पण त्या क्षणापर्यंत बाई लिहीत राहिल्या होत्या, कारण कुणीतरी शिक्का मारून त्यांची पुस्तकं घरी नेत होतं.

२०२२ मध्ये बाईंना ओबीई हा सरकारी सन्मान मिळाला, तो ‘वाचन आणि ग्रंथालयांच्या सेवेसाठी’. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली होती. ईशान्य इंग्लंडमध्ये, स्थानिक पालिकांच्या मदतीने आणि काही पैसे स्वतःच्या खिशातले घालून, ‘रीडिंग कोच’ नेमले. हे लोक एकटेपणाने, टेन्शनने किंवा जुनाट दुखण्याने बेजार झालेल्यांना भेटतात, गप्पा मारतात आणि हातात एखादं पुस्तक ठेवतात. ते क्लीव्हज्‌चंच असावं अशी अट नाही. खुनाचंच असावं अशीही नाही.