जुलाब थांबले, तरी पायांकडे लक्ष ठेवा

जुलाब थांबले की आपण ते विसरून जातो. पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. दूषित पाणी, न उकळलेलं दूध आणि अर्धवट शिजलेलं चिकन यांतून तो पोटात जातो. त्याच्याशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती क्वचित आपल्याच नसांवर उलटते.

म्हणून पाणी-दूध उकळून घ्या, चिकन पूर्ण शिजवा, कच्च्या चिकनची सुरी न धुता काकडी-टोमॅटोला लावू नका. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या आल्या किंवा जिना चढताना पायांतलं बळ गेलं, तर वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार मिळाले, तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.