छाप कसला बघता, आकडा वाचा!



एस्टीच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर, बियाण्याच्या दुकानापुढं एक भांडण हमखास ऐकू येतं. मोटारसायकलला प्लग कुठला चांगला? एक म्हणतो बॉश, दुसरा म्हणतो एनजीके, म्हातारा माणूस अजून मायकोच मागतो. आम्ही म्हणतो, हे भांडणच खोटं आहे. यात फायदा फक्त काउंटरच्या पलीकडच्याचा.

मायको म्हणजे 1951 साली बंगळूरला निघालेली, जर्मनीच्या बॉशशी जोडलेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. 2008 साली तिचं नावच बॉश लिमिटेड झालं. म्हणजे मायको की बॉश, हा एकाच माणसाच्या दोन नावांचा तंटा! एनजीके जपानची, 1936 सालची. अस्सल असेल तर दोघींचाही माल चांगला. मग घोडं अडतं कुठं?

आम्ही जव्हार तालुक्यात दाभोसा गावी गेलो होतो. तिकडं ना कपाशी ना ज्वारी. भात, नाचणी, वरईचा मुलूख, लेंडी नदीवरचा धबधबा, आणि रस्ता सगळा चढउताराचा. गाडीवर दोघं, वर ओझं. चढावर इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. गावातल्या पोरानं प्लग काढून हातावर ठेवला. पांढराफटक, टोकं जळालेली. निघताना आमच्या गावच्या दुकानदारानं छाप बदलून तो दिला होता. म्हणाला, "मोठा आकडा घ्या, घाटाला थंड प्लग लागतो."

अर्धं खरं होतं, म्हणूनच घात झाला. एनजीकेत आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये नेमकं उलट, मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. प्लगाचं टोक साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. त्याखाली काजळी धरते, त्यावर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टन जातो. छाप बदलताना आकडा जुळवला नाही, तर चांगल्या कंपनीचा प्लगही इंजिनाचा वैरी होतो. आट्याची जाडी आणि लांबीही तीच हवी. लांब प्लग आत पिस्टनला धडकतो.

आता नवं खूळ इरिडियमचं. त्याचं टोक बारीक, झीज कमी, टिकतो जास्त, हे खरं. पण किंमत साध्या निकेल प्लगाच्या कितीतरी पट. गाडीच्या पुस्तकात साधा प्लग लिहिला असेल, तर नुसत्या मायलेजच्या लोभानं इरिडियम घेणं म्हणजे कोरडवाहू रानाला ठिबकच्या नळ्या अंथरून पावसाची वाट बघणं!

कोणी म्हणेल, एवढ्याशा प्लगासाठी एवढा आरडाओरडा? फवारणीच्या पेट्रोल पंपातही प्लगच असतो. बोंडअळी चढलेली आहे, मजूर बांधावर उभे आहेत, आणि पंप चालू होत नाही. त्या दिवसाची मजुरी कोण भरून देतो? अळी थांबते का? बोगस बियाण्यानं आपल्याला जे शिकवलं, तेच इथं लागू आहे. डबी ओळखीची म्हणजे आतला माल अस्सल, असं नाही. बोगस प्लगही ओळखीच्याच डबीत येतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. गाडीच्या आणि पंपाच्या पुस्तकातला प्लगाचा पूर्ण नंबर, अक्षरांसकट, कागदावर उतरवून दुकानात जा. त्यात 'आर' असेल तर 'आर'वालाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीत तो चुकवून चालत नाही. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां कू करणाऱ्याची पायरी पुन्हा चढू नका. आणि प्लग काढला की त्याचा रंग वाचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं काळं तेल म्हणजे इंजिन तेल खातंय, पांढरा म्हणजे तापतोय. तेल खाणाऱ्या इंजिनात जगातला सगळ्यात महाग प्लग घातला तरी तो काळाच होणार.

पिकाचं पान बघून रोग ओळखणारी माणसं आपण. मग प्लग बघून दुसऱ्याच्या तोंडाकडं का बघायचं? पुढच्या जिल्हा बैठकीला येताना जुना प्लग खिशात घालून या. सगळे मिळून वाचू.